विटाळ जनुकांतून येत नाही

१९९३ साली जोनाथन हाइट नावाचे एक तरुण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ भुवनेश्वरला तीन महिने राहून गेले. त्यांचे मार्गदर्शक रिचर्ड श्वेडर यांनी त्या देवळांच्या गावात आधी बरंच काम केलेलं होतं. त्यामुळे ओळखीपाळखी तयार होत्या, जेवणाची बोलावणी येत होती. पुरुष पाहुण्याबरोबर जेवायला बसत. घरातली बाई मुकाट्यानं वाढी आणि स्वयंपाकघरात परत जाई. नोकरांशी जरा कडक वागा, त्यांचे आभार मानत बसू नका, असंही हाइट यांना सांगण्यात आलं. सुरुवातीला ते बिचकले. मग यजमान आवडू लागले, आणि आवडत्या माणसांच्या नजरेनं पाहता पाहता त्याच व्यवस्थेत त्यांना एक वेगळी नीतिमत्ता दिसू लागली : कुटुंब, वडीलधाऱ्यांचा मान, शुचिर्भूतपणा, देवाधर्माचं पावित्र्य. २०१२ साली निघालेल्या ‘द रायचस माइंड’ या पुस्तकात त्यांनी हे सगळं मोकळेपणानं लिहिलं आहे.

मोकळेपणाबद्दल त्यांना पूर्ण गुण. पण ही उमज त्यांना जेवायला बसलेल्यांच्या संगतीत झाली, वाढणाऱ्यांच्या नाही, हे त्यांच्याच वर्णनावरून कळतं. ज्या सिद्धान्तानं पुढे जगभर नाव कमावलं, त्याच्या कर्त्याचा पाट कुठे मांडलेला होता, हे विसरून चालणार नाही.

सिद्धान्त थोडक्यात असा. चांगलं काय, वाईट काय, हे माणूस विचार करून ठरवत नाही. ते त्याच्या पोटातून क्षणार्धात येतं. कारणं तो मागाहून जुळवतो. २००१ साली ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’मधल्या निबंधात हाइट यांनी हे मांडलं तेव्हा भावनेला कुत्रा आणि तर्काला त्याची शेपटी म्हटलं होतं. तर्क न्यायाधीश नाही, भावनेनं नेमलेला वकील आहे, अशीही एक प्रतिमा त्यांनी वापरली. मग ही भावना आली कुठून? उत्क्रांतीतून. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी नीतीचे पाच पाये सांगितले : काळजी, न्याय, निष्ठा, अधिकार आणि पावित्र्य; सहावा पाया, स्वातंत्र्याचा, नंतर जोडला. यातला पावित्र्याचा पाया किळसेवर उभा आहे, आणि किळस म्हणजे सडकं, रोगट, घाणेरडं टाळण्यासाठी निसर्गानं दिलेलं संरक्षण, असं त्यांचं म्हणणं.

आता हे सगळं मराठीत उतरताना काय होतं ते पाहा. लोक म्हणतात, सोवळं-ओवळं म्हणजे जंतूंपासून बचाव, आमच्या आजीला सूक्ष्मजीवशास्त्र न शिकता कळत होतं. जातीबाहेर मुलगी द्यायला विरोध? टोळीनिष्ठा आहे हो, रक्तातच असते. करोनाच्या दिवसांत तर या युक्तिवादाला उधाण आलं होतं. हाइट यांनी असं कुठेही म्हटलेलं नाही, हे कबूल. पण ‘भावना आधी, उत्क्रांती तिच्या मागे, आणि कारणं म्हणजे नुसती वकिली’ ही साखळी एकदा मान्य केली की या लोकांना अडवायला हातात काही उरत नाही. म्हणून साखळीच तपासायला हवी.

तिचा पहिला दुवा मला मान्य आहे. नैतिक निवाडे झटपट येतात. दुसरा दुवा मात्र कच्चा आहे : झटपट येतं ते जन्मजात असतं, असं गृहीत धरलेलं आहे. दुकानाची पाटी डोळ्यांसमोर आली की ती वाचली जातेच. न वाचता नुसत्या रेघोट्या बघायच्या म्हटलं तरी साक्षर माणसाला जमत नाही. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची आहे आणि शाळेत छड्या खाऊन शिकलेली आहे. सवयीनं मुरलेली गोष्ट आतूनच आल्यासारखी वाटते, हे मानसशास्त्रज्ञांना कुणी सांगायला नको.

हाइट यांचा हुकमाचा एक्का म्हणजे जूली आणि मार्क यांची गोष्ट. हे दोघे सख्खे भाऊ-बहीण. सुट्टीत फ्रान्समध्ये फिरत असताना एका रात्री ते शरीरसंबंध ठेवायचं ठरवतात. गर्भ राहू नये म्हणून दोघंही काळजी घेतात. दोघांना आनंद होतो, ते पुन्हा तसं करत नाहीत, कुणाला सांगत नाहीत, नातं आणखी घट्ट होतं. यात चूक काय? ऐकणारा म्हणतो, मूल अपंग होईल. नाही, काळजी घेतली होती. मनावर परिणाम होईल. नाही झाला. लोकांना कळेल. नाही कळलं. शेवटी तो म्हणतो, मला सांगता येत नाही, पण हे चूक आहे. बघा, म्हणतात हाइट, कारणं संपली तरी निवाडा हलला नाही. म्हणजे निवाडा कारणांवर उभाच नव्हता.

२०१५ साली एडवर्ड रॉयझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट पुन्हा लोकांना ऐकवली आणि एक साधा प्रश्न जास्तीचा विचारला : यातून कुणाचंच काही बिघडलं नाही, हे तुम्हाला पटलं का? बहुतेकांना पटलेलं नव्हतं. म्हणजे ते निरुत्तर झाले नव्हते. त्यांचा गोष्ट सांगणाऱ्यावर विश्वास बसला नव्हता. आपल्या पोरानं ‘समज, गाडी चालवताना डोळे मिटले आणि काहीच झालं नाही’ असं सांगितलं तर आपणही तो ‘समज’ समजून घेत नाही. धोका पत्करणं चूक होतं, एवढंच म्हणतो. याला भावनांधळेपणा म्हणायचं असेल तर शहाणपणाला दुसरं नाव शोधावं लागेल.

पण मी प्रतिपक्षाला आणखी सोपी जागा देतो. समजा, सख्ख्या भावा-बहिणीच्या संबंधाची किळस उत्क्रांतीनंच दिली. एडवर्ड वेस्टरमार्क या फिनिश अभ्यासकानं १८९१ सालीच म्हटलं होतं की बालपणी एका घरात वाढलेल्यांना एकमेकांविषयी लैंगिक आकर्षण वाटत नाही, आणि इस्रायलच्या किबुत्झ नावाच्या सामूहिक वस्त्यांमधली उदाहरणं त्याच्या बाजूनं दिली जातात. ठीक. आता जरा आपल्या घरात या. महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत मामाची मुलगी करणं चालतं, नव्हे, ती हक्काची मानतात. आत्याची मुलगी पुष्कळ ठिकाणी चालत नाही. चुलतबहीण आणि मावसबहीण या तर बहिणीच. त्यांच्याशी लग्नाचा विषय काढला तर ऐकणाऱ्याचं तोंड कडू होतं. इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात या नियमांचा प्रांतवार पट मांडला आहे. जीवशास्त्राच्या हिशेबात या चारही बहिणी सारख्याच : सामायिक जनुकांचं सरासरी प्रमाण एक अष्टमांश. एक हक्काची, दुसरी नकोशी, उरलेल्या दोघी पाप.

यावर वेस्टरमार्कवादी म्हणतील, चुलत भावंडं एकत्र कुटुंबात एकाच अंगणात खेळतात, म्हणून तिथं आकर्षण मरतं. पण मावसबहीण? ती मामेबहिणीइतकीच लांबच्या गावी असते, सुट्टीतच भेटते. तिच्याविषयीचा निषेध अंगणातून आलेला नाही. शेजारच्या मुसलमान घरात चुलतबहिणीशी सोयरीक होते आणि कुणाला मळमळत नाही. कर्नाटकात आणि आंध्रात मामा-भाचीचं लग्न लागतं. तिथं प्रमाण एक चतुर्थांश. उलट सगोत्र लग्न बघा. गोत्र एक असलेल्या दोघांत सात पिढ्या खणूनही रक्ताचं नातं सापडणार नाही, तरी ते निषिद्ध; हा अडसर १९४६ साली कायदा करून काढावा लागला. चुलतबहिणीचं नाव निघताच मराठी हिंदूच्या पोटात जे होतं ते खरं आहे, तत्काळ आहे, त्याला कारण विचारलं तर तो गडबडेल. हाइट यांच्या तीनही कसोट्यांवर ते उतरतं. आणि तरी ते जनुकांनी लिहिलेलं नाही; नात्यांच्या एका विशिष्ट व्याकरणानं लिहिलेलं आहे, आणि ते व्याकरण शंभर मैलांवर बदलतं. उत्क्रांतीचा पक्ष सगळ्यात भक्कम असायला हवा तो इथे, आणि इथेच त्याची ही गत.

श्वेडर यांचा मूळ अभ्यास या दृष्टीनं जास्त बोलका आहे, आणि तो नीट वाचला तर शिष्याच्या विरोधात जातो. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांनी मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांच्यासह भुवनेश्वरचे आणि शिकागोच्या हाइड पार्क भागातले लोक घेतले आणि त्यांच्यापुढे ३९ प्रसंग ठेवले. बाप वारल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलानं केस कापले आणि कोंबडी खाल्ली. विधवा बाई आठवड्यातून दोनतीनदा मासे खाते. शिकागोकरांना यात गैर काही दिसेना. भुवनेश्वरकरांना हे घोर वाटलं. का, असं विचारल्यावर ते गप्प बसले नाहीत. मासा उष्ण, तो वासना चाळवतो. विधवेनं वासनेच्या वाटेला जाऊ नये. गेली तर नवऱ्याचा आत्मा दुखावतो. याला तुम्ही चूक म्हणा, मीही म्हणतो. पण ही कारणं आहेत, एकाला एक जोडलेली. एलियट ट्यूरिएल आणि सहकाऱ्यांनी लगेच दाखवून दिलं की दोन्ही गावांतला फरक नीतीत कमी आणि वस्तुस्थितीच्या समजुतीत जास्त आहे. नवऱ्याला दुखवू नये हे शिकागोतही मान्य आहे. मेलेला नवरा दुखावतो हे तिथं कुणी मानत नाही.

हाइट यांचं उत्तर ठरलेलं आहे : ही कारणंही मागाहूनचीच. बरं, मग कसोटी लावू. समजूत काढून घ्या आणि भावना टिकते का बघा. शेपटी कापली तर कुत्र्याला फरक पडू नये. हा प्रयोग कुठल्या विद्यापीठात झाला नसेल, पण महाराष्ट्रात दीडशे वर्षं चालू आहे, आणि योगायोगानं विधवेवरच.

केशवपन आज कुणी डोळ्यांसमोर आणत नाही, म्हणून आणतो. नवरा गेल्यावर ब्राह्मण घरातल्या बाईला, मग ती पंधरा वर्षांची का असेना, न्हाव्यापुढे बसवत. डोकं गुळगुळीत, अंगावर तांबडं आलवण, पायांत काही नाही, एक वेळचं जेवण. केस वाढले की न्हावी पुन्हा हजर. वस्तरा जन्मभर चालायचा. सकेशा विधवा स्वयंपाकाला चालत नसे. तिच्या हातचं पाणी देवाला आणि पितरांना पोचत नाही अशी समजूत होती. केस असलेली विधवा पाहून लोकांना खरोखर शिसारी येत असे. ढोंग नव्हतं ते. सासूला, सख्ख्या आईला, कित्येकदा त्या विधवेला स्वतःलाही ती शिसारी येई.

१८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहिली. सुरतेच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल झालेली शिक्षा हे त्यामागचं निमित्त. त्यातला युक्तिवाद कसा चालतो ते बघण्यासारखं आहे. ताराबाई वाचकाच्या करुणेला हात घालून थांबत नाहीत. त्या विचारतात की नवरा मेला म्हणून बाईनं हे सगळं भोगायचं, तर बायको मेल्यावर पुरुषानं दाढीमिशा भादरून रानात का जाऊ नये? हा प्रश्न पोटातून येत नाही. पोटाला सुसंगतीशी देणंघेणं नसतं. त्याला विधवेची शिसारी येते आणि विधुराची येत नाही, आणि दोन्ही एकाच वेळी सुखानं नांदतात. नियम एक, तर माप दोन का, हे विचारणं तर्काचंच काम आहे. वकील आपल्या अशिलाला असं अडचणीत आणत नसतो.

१८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं ठरलं. मला ही घटना अख्ख्या सुधारणापर्वातली फार मोठी वाटते, आणि तिच्यावर फार कमी लिहिलं जातं. प्रथा ज्यांच्या हातांनी चालत होती त्या हातांनाच कुणीतरी पटवून दिलं. त्यात फुल्यांच्या सत्यशोधक समाजाची शिकवण होती, आगरकरांचा ‘सुधारक’ दीडेक वर्ष या प्रथेला धारेवर धरतच होता. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा मुरूडला त्यांच्यावर बहिष्कार पडला. भावना लगेच हरली असं मी म्हणत नाही. १८५६चा पुनर्विवाहाचा कायदा कितीतरी वर्षं कागदावरच राहिला, आणि मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे. म्हणूनच तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेला मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला. पण सकेशा विधवेची शिसारी? ती आज महाराष्ट्रात शोधून दाखवा. सहासात पिढ्यांत गेली. इतक्या थोड्या काळात जनुकं हलत नाहीत. कारणांवर उभा नसलेला निवाडा कारणं काढून घेतल्यावर कसा काय कोसळला, याचं उत्तर ‘शेपटी’वाल्यांनी द्यायचं आहे.

आता विटाळ. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यामागून हजारो माणसं गेली आणि पाणी प्यायली. त्याआधी १९२३ साली सी. के. बोले यांनी आणलेला ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला होता, नगरपालिकेनं तळं खुलं केलेलं होतं. कागदोपत्री अडचण नव्हती. त्या तळ्यावर इतर धर्मांची माणसं येत, जनावरं पाणी पीत. तरी गावातल्या सवर्णांना तळं बाटलं असं वाटलं, आणि ते शुद्ध करायचं ठरलं. कशानं? दही, दूध, शेण आणि गोमूत्र कालवलेल्या पाण्याच्या १०८ घागरी मंत्र म्हणत तळ्यात ओतल्या गेल्या.

या घागरीत नीट डोकावून बघा. किळसेचा अभ्यास करणाऱ्या पॉल रोझिन यांनी (हाइट त्यांचे सहकारी) किळसेचा जो मूळ गाभा सांगितला आहे त्यात मल-मूत्राचा नंबर पहिला लागतो. जगातल्या कुठल्याही माणसाला ज्याची घाण वाटावी अशी उत्क्रांतीची अपेक्षा, तेच इथे शुद्धीचं साधन. आणि ज्याची घाण वाटायला जीवशास्त्राकडे कोणतंही कारण नाही, ती आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाची ओंजळ, ती बाटवणारी. सोवळ्याला स्वच्छता म्हणणाऱ्यांनी आपल्याच घरातले नियम आठवावेत : कद किंवा धाबळी महिनोन्‌महिने न धुताही सोवळ्यात चालते, आणि नुकतंच धुऊन वाळत घातलेलं धोतर आंघोळ न केलेल्या नातवाचा हात लागला की ओवळं होतं. जंतूंना रेशीम वर्ज्य असल्याचं ऐकिवात नाही.

यावर सावध उत्क्रांतीवादी म्हणतो की किळसेची क्षमता निसर्गानं दिली, तिचं लक्ष्य संस्कृती ठरवते. हे मी आनंदानं मान्य करतो, फक्त मग वादच संपतो. नैतिक निवाडा म्हणजे लक्ष्यच की. महाडला प्रश्न किळस वाटू शकते का हा नव्हता. कुणाची वाटते, कुणाच्या फायद्याची वाटते आणि ती वाटणं योग्य आहे का, हा होता. त्याबद्दल क्षमतेचा इतिहास एक अक्षर सांगत नाही.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि न झालेल्या भाषणात आंबेडकरांनी जो मुद्दा मांडला तो मानसशास्त्राचाच आहे, फक्त मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत येत नाही. ते म्हणतात त्याचा आशय असा की हिंदू माणूस जात पाळतो तो दुष्ट किंवा वेडा आहे म्हणून नाही. तो धार्मिक आहे म्हणून. शास्त्रांच्या पावित्र्यावरचा विश्वास हे मूळ, आणि भावना ही त्याची फांदी. म्हणून सहभोजनं आणि आंतरजातीय लग्नं यांनी नुसती भावना बोथट करत बसू नका, विश्वासावर घाव घाला. हाइट यांच्या क्रमाच्या बरोबर उलट क्रम. आणि विधवेच्या बाबतीत घडलेलं पाहता कुणाचा क्रम पुराव्याशी जुळतो ते वाचकानं ठरवावं.

पोटाचा सिद्धान्त आणखी एक गोष्ट पार विसरतो, ती म्हणजे ग्रामण्य, जातीनं चौकशी करून टाकलेला बहिष्कार. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. टिळक, रानडे यांच्यासकट बरीच प्रतिष्ठित मंडळी गेली होती. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी प्यायलं, कुणी नुसतं हातात घेतलं. गोपाळराव जोशी या खट्याळ गृहस्थांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि गहजब झाला. शंकराचार्यांकडे फिर्याद गेली, चौकशी बसली, आणि शेवटी टिळकांनीही प्रायश्चित्त घेतलं, रानड्यांनीही. यातल्या कुणाच्या पोटात तो चहा ढवळला होता? पिताना तर कुणाला काही झालं नाही. प्रायश्चित्त घ्यायला लावलं ते घरच्या श्राद्धाला भटजी मिळणार नाही, मुलींची लग्नं अडतील, या धास्तीनं. ‘हे पाप आहे’ हा निवाडा कवटीच्या आत तयार झालाच नव्हता. तो बाहेरून, नावं छापून, बहिष्कार टाकून लादला गेला. एकेका माणसाला खोलीत बसवून प्रश्नपत्रिका देणाऱ्या शास्त्राला हे दिसणं कठीण आहे.

प्रयोगशाळेतला पुरावा तरी भक्कम आहे का? २००८ साली सिमोन श्नाल, हाइट आणि सहकाऱ्यांनी काही मजेदार प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात जवळच्या कचरापेटीत दुर्गंधीचा फवारा मारून, दुसऱ्यात चिकट डागांच्या, चघळलेल्या पेनच्या घाणेरड्या टेबलाशी बसवून लोकांना नैतिक प्रश्न विचारले. किळस आलेल्यांनी जास्त कडक निवाडे दिले म्हणे. वर्तमानपत्रांना असं काही मिळालं की पर्वणीच. २०१५ साली जस्टिन लँडी आणि जेफ्री गुडविन यांनी अशा अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. परिणाम अगदी किरकोळ निघाला, आणि अपयशी प्रयोग छापले जात नाहीत ही गोष्ट जमेस धरली तर तोही उरेना. तान्ही बाळं मदत करणाऱ्या बाहुलीकडे झुकतात, हा २००७ सालचा गाजलेला निष्कर्षही पुढे अनेक प्रयोगशाळांनी मिळून ताडून पाहिला तेव्हा टिकला नाही. ही मंडळी प्रामाणिक आहेत, स्वतःचं खरं-खोटं करतात, याचं मला कौतुकच आहे. पण सिद्धान्त जेवढ्या जोरात विकला जातो, तेवढा माल गोदामात नाही.

उत्क्रांतीचा नीतीशी संबंधच नाही असा याचा अर्थ कुणी काढू नये. डार्विननं १८७१ सालीच सांगितलं की समूहात राहणाऱ्या प्राण्याची बुद्धी पुरेशी वाढली की त्याच्यात नीतीची जाणीव येणारच. यात बुद्धीची अट आहे, ती सोयीस्करपणे गाळली जाते. विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ साली रक्ताच्या नात्यातल्या त्यागाचं गणित मांडलं. (तोच हिशेब त्याआधी गप्पांत गमतीनं सांगितला असं ज्यांच्याविषयी म्हणतात ते हॉल्डेन, भारताचे नागरिक होऊन, त्याच वर्षी डिसेंबरात वारले, तेही भुवनेश्वरला.) रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ साली परतफेडीच्या भरवशावर केलेल्या मदतीचं कोडं सोडवलं. पोरांची माया, लबाडीचा संताप, उपकाराची आठवण हे कच्चं सामान जुनं आहे. त्यातून घडतं काय, ते मात्र माणसं पोट कसं भरतात यावरही ठरतं. जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५ छोट्या समाजांत पैसे वाटण्याचा एकच खेळ खेळून घेतला. पेरूच्या जंगलातले माचिगेंगा सरासरी २६ टक्के रक्कम समोरच्याला देऊ करत. इंडोनेशियातल्या लामालेराचे लोक, जे होडीभर माणसं मिळून देवमाशाची शिकार करतात आणि वाटे घालतात, ते ५८ टक्के. मेंदू तोच, न्यायाचं माप दुपटीहून वेगळं.

आणि तर्क काय आकाशातून पडला? त्यालाही उत्क्रांतीचाच इतिहास आहे. ह्यूगो मर्सिए आणि डॅन स्पर्बर गेली काही वर्षं मांडत आहेत की माणसाची बुद्धी एकट्यानं सत्य शोधायला घडलेली नाही, वाद घालायला घडली आहे. स्वतःची बाजू मांडताना आपण आळशी आणि पक्षपाती असतो. दुसऱ्याच्या बाजूतली भोकं मात्र चटकन हेरतो. आगरकर-टिळकांचा वाद ज्यानं वाचला आहे त्याला हे नवीन वाटणार नाही. हाइट हेही थोडंफार मान्य करतात. माणसं एकमेकांचे निवाडे बदलू शकतात असा एक बाण त्यांच्या आकृतीत आहे. पण त्यांच्या मांडणीतून लक्षात राहतं ते कुत्रा-शेपटीचं चित्र.

राहता राहिला त्यांचा राजकीय उपदेश. सुधारणावादी लोकांची नैतिक जीभ अर्धवट आहे, म्हणतात ते. त्यांना काळजी आणि न्याय या दोनच चवी कळतात, पावित्र्याची कळत नाही, म्हणून ते निवडणुका हरतात. अमेरिकेच्या विद्यापीठांत हे खरं असेलही, मला तिथलं काही सांगायचं नाही. पण पावित्र्य नाकारणारे सगळे पावित्र्याला आंधळे असतात हे विधान महाराष्ट्रात उभं राहूच शकत नाही. चवदार तळ्यावर गेलेल्या माणसांना शुद्ध काय, अशुद्ध काय, कुठल्या वाटेवर सावली पडू द्यायची नाही, कुठल्या विहिरीपासून किती लांब थांबायचं, हे हाइट यांच्या कुठल्याही यजमानापेक्षा बारकाईनं ठाऊक होतं. न जाणून भागणारच नव्हतं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृती जाळली गेली, आणि दहन करण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे चित्पावन ब्राह्मण होते. सोवळ्यात वाढलेला माणूस.